वर्ग, वाट आणि सीमाभाग



मराठीच्या प्राध्यापकाने महाजालावरील सूचींच्या इतिहासावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु ज्ञानाची मांडणी वर्गवार करावी की वर्णानुक्रमे, हा प्रश्न आपल्या वाङ्मयाला जुना आहे. अमरकोशाने शब्द वर्गांत बसविले. शिवकालात रघुनाथ पंडितांनी रचलेला राजव्यवहारकोशही दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग अशा दहा वर्गांचा आहे. १८३१ साली आलेला मोल्सवर्थचा कोश मात्र वर्णानुक्रमाचा. वर्णानुक्रमात शोधणाऱ्याला शब्द आधी ठाऊक असावा लागतो. वर्गवारीत तसे नसते. किल्ल्याच्या एखाद्या भागाचे नाव माहीत नसलेला माणूसही दुर्गवर्ग उघडून त्या नावापर्यंत पोहोचू शकतो.

महाजालाच्या आरंभी नेमकी हीच गरज होती. काय उपलब्ध आहे हेच लोकांना ठाऊक नव्हते. मग शोधायचे तरी कोणत्या शब्दाने? टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ साली सर्न या संशोधनसंस्थेत विषयवार सूचीचा पाया घातला. १९९४ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या दोन विद्यार्थ्यांनी आपल्या आवडीच्या संकेतस्थळांची यादी केली. तीच पुढे ‘याहू’ झाली. तिच्या मुखपृष्ठावर कला, शिक्षण, आरोग्य, विज्ञान, प्रादेशिक असे चौदा मुख्य वर्ग होते. १९९५ साली वर्गीकरणाची जबाबदारी श्रीनिजा श्रीनिवासन या भारतीय वंशाच्या विदुषीकडे आली. संकेतस्थळ माणसाने पाहायचे, त्याचा विषय ठरवायचा आणि मग त्याला जागा द्यायची, अशी ती पद्धत होती. त्यामागचे गणित सोपे आहे. एका पानावर वीस वर्ग, प्रत्येकात वीस उपवर्ग आणि त्यांत पुन्हा वीस, असे धरले तर तीन टिचक्यांत आठ हजार विषयांपैकी कोणताही एक गाठता येतो.

मुंबईच्या राजेश जैन यांनी १९९५ साली ‘इंडियावर्ल्ड’ सुरू केले. भारतविषयक संकेतस्थळांची ‘खोज’ ही सूची त्याच परिवारातली. १९९९ साली हा सारा उद्योग सत्यम इन्फोवेने ४९९ कोटी रुपयांना घेण्याचे ठरविले, तेव्हा देशभर चर्चा झाली. १९९८ साली स्वयंसेवकांच्या बळावर ‘ओपन डिरेक्टरी’ उभी राहिली. पुढे तीत सुमारे ३८ लाख संकेतस्थळे आणि दहा लाखांवर वर्ग झाले.

वाचकाचा वेळ वाचवा, हे ग्रंथालयशास्त्राचे चौथे सूत्र डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडले होते. या सूचींनी ते नव्या माध्यमात पाळले. परंतु एका वस्तूला एकच जागा देणाऱ्या वर्गवारीतील अडचणही रंगनाथनांनी ओळखली होती. ग्रंथाचा विषय, स्थळ आणि काळ हे स्वतंत्र पैलू मानून ते द्विबिंदूने जोडण्याची वर्गीकरणपद्धती त्यांनी १९३३ साली दिली ती त्यासाठीच. ही अडचण आपल्या भागाइतकी क्वचितच कोणाच्या परिचयाची असेल.

बेळगावचेच पाहा. येथे १९३० साली छापलेले मराठी पुस्तक सूचिकार मुंबई इलाख्यात नोंदवील. १९५५ सालचे मुंबई राज्यात, १९६० सालचे म्हैसूर राज्यात आणि १९७५ सालचे कर्नाटकात. गाव जागेवरच राहिले, वर्ग मात्र चार झाले. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नावही बेळगावी झाले. महाजालावरील सूचीतही असेच घडे. ‘ओपन डिरेक्टरी’त प्रदेशाची शाखा खंड, देश, राज्य, गाव अशी उतरत जाई आणि इंग्रजीखेरीज अन्य भाषांतील संकेतस्थळे एका वेगळ्या शाखेत भाषेनुसार लावली जात. त्यामुळे बेळगावविषयी इंग्रजीत लिहिलेले कर्नाटकाखाली जाई आणि त्याच गावाविषयी मराठीत लिहिलेले मराठीखाली. निपाणीला लागून असलेल्या अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय घ्या. ते कागल तालुक्यात, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात, आणि शिवाजी विद्यापीठाशी संलग्न. पण त्याच्या वर्गांत निपाणीची मुले पिढ्यान्‌पिढ्या बसत आली. केवळ राज्याची वाट धरून उतरणाऱ्याला निपाणीच्या पानावर ते सापडणार नाही.

यावर सूचिकारांनी उपाय शोधला होता. याहूच्या सूचीत काही वर्गांच्या नावापुढे ‘अ‍ॅट’चे चिन्ह असे. हा वर्ग मुळात दुसऱ्या शाखेतला आहे, पण येथूनही तेथे जाता येते, असा त्याचा अर्थ. ग्रंथपाल ज्याला ‘हेही पाहा’ म्हणतात, तीच ही नोंद. आपल्यासारख्यांच्या दृष्टीने या इतिहासातील सर्वांत मोलाची गोष्ट मला हीच वाटते. अशा नोंदीमुळे वस्तूचे मूळ स्थान बदलत नाही, कोणाचा हक्क हिरावला जात नाही आणि दोन्ही बाजूंनी येणाऱ्याला वाट मिळते. सीमाप्रश्नाचा निवाडा सूचिकाराने करायचा नसतो. परंतु निवाडा होईपर्यंत वाचकाला ताटकळत ठेवणे हेही त्याचे काम नव्हे.

संकेतस्थळांची संख्या माणसांच्या आवाक्याबाहेर गेली आणि शोधयंत्रांनी या सूचींची जागा घेतली. याहूची सूची डिसेंबर २०१४ मध्ये बंद झाली, ‘ओपन डिरेक्टरी’ मार्च २०१७ मध्ये. तिचा वारसा स्वयंसेवकांनी ‘कर्ली’ या नावाने पुढे चालविला. शोधयंत्र वेगवान आहे, हे मान्यच. पण त्याला शब्द द्यावा लागतो. ज्याला कडोली, उचगाव, येळ्ळूर येथे मराठी साहित्य संमेलने होतात हेच ठाऊक नाही, तो त्यांविषयी विचारणार कसा? पानावर नजर फिरवताना न शोधलेलेही दिसावे, ही वर्गवार सूचीची देणगी होती. शिवाय सूचीत चुकीच्या जागी पडलेली नोंद दिसे, तिच्याविषयी तक्रार करता येई. यंत्राने मागे ढकललेली नोंद डोळ्यांपुढे येतच नाही.

शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची विषयवार सूची सिद्ध केली, तेव्हा त्यांच्या हाताशी यंत्र नव्हते. सीमाभागातील मराठी शाळा, वाचनालये, स्मरणिका आणि संमेलनांतील भाषणे यांची तशी सूची करणे आपल्या माजी विद्यार्थ्यांना अशक्य नाही. प्रत्येक नोंद गावाखाली असावी, विषयाखालीही असावी. बेळगाव आणि बेळगावी ही दोन्ही नावे तीत असावीत आणि मराठीइतकीच कन्नड वाचकालाही ती उघडता यावी. ती छापील असो वा संगणकावरील, या शाळेच्या ग्रंथालयात तिची पहिली प्रत ठेवली जावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.