एका मुखाची कुळकथा

अजमेरजवळच्या किशनगढ संस्थानात अठराव्या शतकाच्या मध्यास निहालचंद या चिताऱ्याने रंगविलेले जे स्त्रीमुख ‘बनीठनी’ या नावाने दिनदर्शिकांपर्यंत पोहोचले आहे, त्याचे मूळ सांगू जाणारे बहुधा राजपुत्र आणि दासी यांच्या प्रेमकथेपाशीच थांबतात, आणि चित्राचे घराणे अंधारातच राहते.

ते घराणे दिल्लीकडचे. 1719 च्या सुमारास बादशाही चित्रशाळेत तयार झालेला भवानीदास किशनगढच्या चाकरीत रुजू झाला, आणि एकचष्मी चेहऱ्याची नेमकी रेषा धरण्याचे व झिरझिरीत वस्त्राखालची कांती दाखविण्याचे मोगली कसब त्या लहानशा दरबारी आले. त्या कसबाला विषय पुरविला भक्तीने. राजघराणे वल्लभ संप्रदायाचे, आणि राजपुत्र सावंतसिंह तर ‘नागरीदास’ या नावाने व्रजभाषेत राधाकृष्णाची पदे रचणारा कवी. त्याच्या सावत्र आईच्या पदरी असलेली, स्वतःही ‘रसिकबिहारी’ या नावाने कविता करणारी एक गायिका या चित्रास कारण झाली, अशी परंपरा आहे.

परंतु चित्र जवळून पाहावे. कमानदार भुवईखाली जड पापणीचा तो डोळा कानाच्या दिशेने लांबत जाऊन टोकाशी वर वळतो. नाक सरळ व अणकुचीदार. कानाजवळून सुटलेली बट गालावर वेटोळते. मोत्यांचे सर गळ्यावरून खाली उतरतात. एका हाताच्या बोटांत ओढणीची कड, दुसऱ्या हातात कमळाच्या कळ्या. असा डोळा कोणा जित्याजागत्या स्त्रीस नसतो; तो पदांतल्या नायिकेचा आहे, आणि निहालचंदाच्या इतर चित्रांत तोच डोळा श्रीकृष्णालाही लाभला आहे. म्हणूनच गायिकेचे ऋण मान्य करूनही, ही तिची हुबेहूब तसबीर आहे असे मानणे मला चिताऱ्यावर अन्यायाचे वाटते.

पुढचा काळ धामधुमीचा गेला. 1748 मध्ये सावंतसिंहाचे वडील राजा राजसिंह वारले तेव्हा सावंतसिंह दिल्लीत होता. तेवढ्यात भाऊ बहादूरसिंहाने गादी बळकावली, आणि मराठ्यांची कुमक घेऊनही सावंतसिंहाच्या वाट्यास रूपनगरचा मुलूख तेवढा आला. तोही 1757 मध्ये पुत्र सरदारसिंहाच्या स्वाधीन करून तो वृंदावनास गेला व 1764 मध्ये तेथेच निवर्तला. दरबारी संग्रहातली ही चित्रे बाहेरच्या रसिकांस ठाऊक झाली ती लाहोरचे प्राध्यापक एरिक डिकिन्सन यांनी 1943 मध्ये ती पाहिल्यानंतर. मुंबईचे कार्ल खंडालावाला यांच्या सहकार्याने त्यांनी सिद्ध केलेला ग्रंथ ललित कला अकादमीने 1959 मध्ये प्रसिद्ध केला. 1973 मध्ये टपाल खात्याने या चित्राचे तिकीट काढले, त्यावर नाव घातले ते राधेचे. आणि तेच यथार्थ होते.