मांडवीच्या उंदरांची खबर

आमच्या खोताच्या वाडीतल्या क्रूसासमोरून जाताना मला १८९६चा प्लेग आठवतो. त्या काळात मुंबईत गल्लोगल्ली असे क्रूस उभे राहिले. मी पालिकेत परिचारिका होते. घरोघरी ताप विचारत फिरण्यात माझा जन्म गेला. म्हणून मला डॉ. अकासिओ व्हिएगस फार मोठे वाटतात. मूळचे गोव्याचे, शिकले ग्रँट मेडिकलमध्ये. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवीतल्या एका रुग्णाच्या तापावरून आणि गाठीवरून त्यांनी रोग ओळखला. धान्याच्या गोदामांत उंदीर मरत होते. त्या खबरेची नोंद मात्र कुणी घेतली नव्हती.

ओळख वेळेवर झाली, पण ऑक्टोबरमध्ये सक्तीने रुग्ण हलवण्याचा हुकूम निघाला. घरचं माणूस परत येईल का, या धास्तीने लोक आजारी लपवू लागले. २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. मला त्यांचा राग येत नाही. दार ठोठावणाऱ्यावर विश्वास नसेल तर ताप कोण सांगणार?

पुढे १९०५पासून परळच्या प्रयोगशाळेत शहरभरातले उंदीर तपासले जाऊ लागले. उंदरांत प्लेग वाढला की काही दिवसांनी माणसांत वाढतो, हे तिथल्या नोंदींतूनच पक्कं झालं.