संधिवाताभ संधिशोथ : शीघ्र निदानाचा इतिहास

सांध्यांच्या श्लेष्मकलेस दीर्घकालीन शोथ (दाहयुक्त सूज) येऊन उपास्थी व हाडे झिजविणाऱ्या या रोगाचे वर्णन लांद्रे-बोव्हे यांनी १८०० मध्ये पॅरिस येथील प्रबंधात केले. १८५९ मध्ये ए. बी. गॅरड यांनी त्यास गाऊटपासून वेगळे ठरवून सध्याचे नाव सुचविले. १९४० मध्ये नॉर्वेत एरिक वॉलर यांनी रुग्णांच्या रक्तरसातील संधिवाताभ घटकाचे वर्णन केले. तथापि निदान पुष्कळदा उशिराच होई. १९८७ चे अमेरिकन निकष दीर्घकाळच्या रुग्णांवर आधारलेले होते; त्वचेखालील गाठी व क्ष-किरण चित्रांतील झीज ही त्यांतील लक्षणे बहुधा उशिरा प्रकटतात. एकदा झिजलेले हाड औषधाने पूर्ववत होत नाही. म्हणून १९९३ मध्ये नेदर्लंड्समधील लायडन येथे ‘आरंभिक संधिशोथ चिकित्सालय’ सुरू झाले. सर्वसाधारण वैद्यांनी सांधे सुजलेल्या रुग्णांस तेथे विनाविलंब पाठवावे, असा हेतू होता. २०१० च्या निकषांत हाडांच्या झिजेची वाट न पाहता बाधित सांधे, रक्तपरीक्षा व लक्षणांचा काळ यांना गुण देण्यात आले. २०१६ च्या यूरोपीय शिफारशींनुसार कोणताही सांधा सुजलेल्या रुग्णास लक्षणारंभापासून सहा आठवड्यांत तज्ञाने तपासावे.