टपालाची धाव ते अर्धमॅरेथॉन

लांब पल्ल्याचे धावणे महाराष्ट्रात आधी पोटापाण्याचा धंदा होता, मग शर्यत झाले, त्यानंतर सरकारी नोकरीची परीक्षा झाले आणि गेल्या वीस-बावीस वर्षांत पैसे भरून करायची हौस झाले. आई किंवा बाप आणि त्यांची मोठी झालेली लेक हजारोंच्या गर्दीत एकवीस किलोमीटर सोबत धावतात, हे दृश्य या शेवटच्या टप्प्यातले. त्यासाठी तीन गोष्टी घडाव्या लागल्या: लांब पल्ला बायकांना खुला झाला, मॅरेथॉनचे निम्मे अंतर स्वतंत्र शर्यत म्हणून रुजले आणि गर्दीतल्या प्रत्येकाची वेळ वेगळी मोजण्याची सोय झाली. यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगावसारख्या तालुक्याच्या गावापर्यंत या इतिहासाचे धागे पोचतात, पण तिथला क्रम शहरांपेक्षा वेगळा आहे.

हरकारे

रेल्वे आणि मोटारी येण्यापूर्वी निरोप माणसाच्या पायांनी जात असे. पेशवाईत हे काम जासूद करत. कंपनी सरकारच्या काळात टपालाच्या हरकाऱ्यांची पद्धतशीर साखळी उभी राहिली. एक माणूस सगळी वाट धावत नसे. वाटेचे काही मैलांचे टप्पे पाडलेले असत. थैली घेऊन एकाने एक टप्पा गाठायचा आणि ती पुढच्याच्या हवाली करायची. खांद्यावरच्या काठीला किंवा भाल्याला घुंगरू बांधलेले असत. त्यांच्या आवाजाने वाटेतले लोक बाजूला होत आणि पुढच्या चौकीवरचा गडी थैली घ्यायला उठून उभा राहत असे. जंगलातून रात्री जायचे असेल तर सोबत मशालजी आणि डुगडुगी वाजवणारा दिला जाई, कारण वाटेवर वाघाचे भय असे. १८५४ मध्ये टपालाचे दर देशभर एकसारखे झाले, अर्ध्या आण्यात पत्र कुठेही जाऊ लागले आणि हरकाऱ्यांचे काम वाढले.

त्याच्या आदल्या वर्षी, १८५३ च्या तहाने, निजामाच्या ताब्यातले वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. आजचा यवतमाळ जिल्हा पूर्वी वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. यवतमाळ हे नाव त्याला १९०५ मध्ये मिळाले. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, पण ती बडनेरा, धामणगाव, पुलगाव, वर्धा अशी उत्तरेकडून गेली. पुढे यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी अरुंद रुळांची गाडी आली, तीही पश्चिमेकडे गेली. वर्धा नदीच्या अलीकडचा राळेगावचा कापूस-पट्टा दोन्ही मार्गांपासून दूर राहिला. अशा मुलखात टपाल आणि निरोप बराच काळ पायांवरच अवलंबून असत. हरकाऱ्याला या धावण्याचा पगार मिळे. त्याची वेळ मोजली जाई ती फक्त उशीर झाला तर जाब विचारण्यासाठी.

पुणे ते अँटवर्प

धावणे पाहण्याजोगे आहे ही कल्पना महाराष्ट्रात रुजवली ती जिमखान्यांनी. १९१९ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने भरवलेल्या सामन्यांना अध्यक्ष म्हणून सर दोराबजी टाटा हजर होते. लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरलेले गडी बहुतेक शेतकरी होते. त्यांनी कुठले शिक्षण घेतले नव्हते, पायात बूट नव्हते, तरी त्यांच्या वेळा युरोपातल्या नावाजलेल्या धावपटूंच्या आसपास होत्या. हे पाहूनच टाटांनी भारतीय खेळाडू ऑलिम्पिकला पाठवायचे मनावर घेतले. पुढच्याच वर्षी अँटवर्पला गेलेल्या छोट्या संघात मॅरेथॉनसाठी बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार होते. तिथला मार्ग ४२.७५ किलोमीटरचा, म्हणजे ऑलिम्पिकच्या इतिहासातला सर्वांत लांब. चौगुले यांनी तो २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरा करून एकोणिसावा क्रमांक मिळवला. दातार यांना शर्यत पूर्ण करता आली नाही. भारतीय ऑलिम्पिक संघटना स्थापन झाली ती त्यानंतर, १९२७ मध्ये. म्हणजे देशाची ऑलिम्पिक चळवळ मराठी मुलखातल्या अनवाणी शेतकऱ्यांच्या धावेतून सुरू झाली.

या सगळ्यात बाई कुठेच नव्हती. शेतात ती दिवसभर वाकून कापूस वेचत होती, डोक्यावर पाणी घेऊन मैल-मैल चालत होती. पण त्या दमसासाची मोजदाद कोणी केली नाही. जगभर तीच गत होती. १९२८ च्या अ‍ॅम्स्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये बायकांची ८०० मीटरची शर्यत झाली. शेवटच्या रेषेवर धावपटू कोलमडल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांनी फुगवून छापल्या आणि ती शर्यतच बंद झाली. १९६० पर्यंत ती परत आली नाही. बॉस्टन मॅरेथॉनमध्ये १९६६ साली बॉबी गिब नोंदणीशिवाय धावली. १९६७ मध्ये नुसती आद्याक्षरे लिहून क्रमांक मिळवलेल्या कॅथरीन स्विट्झरला आयोजकांपैकी एकाने रस्त्यातच धरून बाहेर काढायचा प्रयत्न केला. १९७२ मध्ये बॉस्टनने बायकांना रीतसर प्रवेश दिला आणि १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला बायकांची पहिली ऑलिम्पिक मॅरेथॉन झाली. आज लेकीसोबत धावणाऱ्या पन्नाशीच्या आया या शर्यतीआधी जन्मलेल्या आहेत, आणि त्यांच्या लेकी तिच्या बऱ्याच नंतर.

निम्म्या अंतराची शर्यत

मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर हे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ठरवले गेले आणि १९२१ मध्ये कायम झाले. त्याचे निम्मे, २१.०९७५ किलोमीटर, बराच काळ सरावाचे अंतर मानले जाई. पहिली जागतिक अर्धमॅरेथॉन स्पर्धा १९९२ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसल परिसरात झाली, आणि या अंतराच्या अधिकृत जागतिक विक्रमांची नोंद २००४ पासून सुरू झाली. नोकरी सांभाळून तयारी करणाऱ्या माणसाला हे अंतर सोयीचे पडते. तीन-चार महिने नेटाने सराव केला तर निरोगी माणूस ते झेपवू शकतो आणि दुसऱ्या दिवशी कामावरही जाऊ शकतो.

दोन पिढ्यांना सोबत धावायलाही हाच पल्ला बरा. शंभर मीटरमध्ये पंचविशीची लेक पन्नाशीच्या बापाला सहज मागे टाकेल, कारण वयाबरोबर वेग आधी जातो. दमसास मात्र सावकाश उतरतो. वर्षानुवर्षे धावणारा पन्नाशीचा माणूस एकवीस किलोमीटरमध्ये नवशिक्या तरुणीच्या बरोबरीने राहू शकतो, कधी तिला सांभाळूनही नेतो. बहुतेक आयोजक अर्धमॅरेथॉनसाठी अठरा वर्षे पूर्ण असण्याची अट घालतात, त्यामुळे या शर्यतीत सोबत उतरणारी लेक सज्ञानच असते.

महाराष्ट्रात पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ मध्ये सुरू झाली. शहराने रस्ता बंद ठेवून धावणाऱ्यांना वाट करून द्यायची ही सवय तिने लावली. हौशी माणसांचा लोंढा आला तो मुंबई मॅरेथॉनमुळे. १५ फेब्रुवारी २००४ ला ती पहिल्यांदा झाली. पूर्ण आणि अर्धमॅरेथॉनबरोबर सुमारे सहा किलोमीटरची ‘ड्रीम रन’ ठेवल्यामुळे कधीच न धावलेली कुटुंबेही रस्त्यावर उतरली. २०१२ मध्ये सुरू झालेल्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनने शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढून परत उतरायचा मार्ग दिला, आणि २०१५ मध्ये डोंगरावर सर्वाधिक लोक धावल्याचा गिनीज विक्रम तिच्या नावावर लागला.

याच काळात मराठी मुलींची नावे पुढे आली. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझू आशियाई स्पर्धेत रौप्य पदक मिळवले. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर यांनी २०१२ ते २०१४ सलग तीन वर्षे मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिला क्रमांक पटकावला आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठून दहावे स्थान मिळवले. दोघीही दुष्काळी वा डोंगराळ भागातल्या, सुविधांपासून दूरच्या गावांतल्या. बारामतीत नवऱ्याच्या तपासणीचे पैसे उभे करण्यासाठी नऊवारी लुगड्यात अनवाणी धावून ज्येष्ठांची शर्यत जिंकणाऱ्या लता करे मूळच्या विदर्भातल्या, बुलढाणा जिल्ह्यातल्या. त्यांच्यावरच्या चित्रपटात त्यांनी स्वतःच भूमिका केली आणि त्याची राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत विशेष दखल घेतली गेली.

गर्दीची व्यवस्था

हजारो माणसे एका रेषेवरून एकाच वेळी सुटू शकत नाहीत. म्हणून धावणाऱ्यांना आधीच्या वेळेनुसार वेगवेगळ्या कप्प्यांत उभे करतात आणि एकेक कप्पा थोड्या-थोड्या अंतराने सोडतात. मागच्या कप्प्यातल्या माणसाला सुरुवातीची रेषा ओलांडायलाच कित्येक मिनिटे लागतात. यावर तोडगा म्हणजे छातीवरच्या क्रमांकाच्या कागदामागे किंवा बुटाला लावलेली चिप. रेषेवरची चटई ओलांडली की तिचे घड्याळ सुरू होते आणि शेवटच्या चटईवर थांबते. बक्षिसाचे क्रमांक बहुधा बंदुकीच्या बारापासून मोजतात; बाकी सर्वांना स्वतःची वेळ चिपवरून कळते.

आई-लेकीला किंवा बाप-लेकीला सोबत निघायचे असेल तर इथेच अडचण येते, कारण दोघांचे कप्पे वेगळे असू शकतात. वेगवान माणसाने मागच्या कप्प्यात जायला सहसा हरकत नसते. सावकाश धावणाऱ्याने पुढच्या कप्प्यात घुसायला मात्र मनाई असते. त्यामुळे जो वेगवान तो मागे येऊन उभा राहतो. दोघांचे वयोगट वेगळे आणि बापाचा गट पुरुषांचा असल्याने ते एकमेकांचे प्रतिस्पर्धी ठरत नाहीत. पदक दोघांना सारखेच मिळते. कागदांची अदलाबदल मात्र चालत नाही: त्यात वयोगटाचा निकाल चुकतोच, शिवाय कोणी कोसळले तर कागदामागे लिहिलेला रक्तगट आणि घरचा फोन भलत्याच माणसाचा निघतो.

मार्गाची लांबी मोजायला अचूक केलेल्या सायकलीच्या चाकावर मोजणी यंत्र बसवतात आणि वळणांवर कडेपासून तीस सेंटिमीटरवरून, म्हणजे जवळात जवळच्या रेषेने, सायकल नेतात. मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरला एक मीटर जादा धरतात. अर्धमॅरेथॉनमध्ये ही भर सुमारे एकवीस मीटर होते. गर्दीत कोणालाच ही रेषा धरता येत नाही. माणसे चुकवत, वळणांना वळसा घालत धावणाऱ्याच्या मनगटी घड्याळात शंभर-दोनशे मीटर सहज वाढलेले दिसतात. जोडीने धावणाऱ्यांना पहिले दोन किलोमीटर सगळ्यांत कठीण जातात, कारण एकाला फट सापडते आणि दुसरा अडकतो. पाण्याच्या टेबलांवरही तेच होते: सगळे पहिल्याच टेबलावर तुटून पडतात, शेवटचे टेबल रिकामे असते. अनुभवी जोड्या चुकामूक झाल्यास कुठल्या किलोमीटरच्या फलकाशी थांबायचे ते आधीच ठरवून ठेवतात. ठरलेल्या वेळेत शर्यत पुरी करायची असेल त्यांच्यासाठी ‘पेसर’ असतो. वेळ लिहिलेला झेंडा पाठीवर घेऊन तो एकसारख्या गतीने धावतो.

राळेगाव आणि भरतीचे ग्राउंड

तालुक्याच्या गावात धावण्याचे कारण वेगळे आहे. पोलीस आणि सैन्य भरतीत लेखी परीक्षेबरोबर शारीरिक चाचणीही द्यावी लागते, आणि त्या चाचणीला सगळे ‘ग्राउंड’ म्हणतात. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. १९९४ च्या राज्य महिला धोरणाने सरकारी नोकऱ्यांत बायकांसाठी तीस टक्के जागा राखल्या, आणि खेड्यातल्या मुलीने पहाटे बूट घालून रस्त्यावर यायला घरच्यांना पटेल असे कारण मिळाले. ‘भरतीची तयारी करते’ एवढे सांगितले की बाकी प्रश्न उरत नाहीत. कापूस आणि सोयाबीनवर जगणाऱ्या, पावसाच्या लहरीवर उत्पन्न ठरणाऱ्या राळेगावच्या परिसरात कायम पगाराच्या नोकरीचे मोल काय, हे सांगायला नको. अलीकडे या भरतीतही उमेदवारांच्या पायाला चिप बांधून वेळ मोजली जाते. मुंबईच्या अर्धमॅरेथॉनमधला हौशी धावपटू आणि जिल्हा पोलीस मुख्यालयाच्या मैदानावरची उमेदवार यांची वेळ आता एकाच पद्धतीने मोजली जाते.

पहाटेच्या रस्त्यावरचे वाघाचे जुने भय मध्यंतरी इथे परत आले होते. राळेगाव आणि पांढरकवडा परिसरात तेरा माणसांचे बळी घेतल्याचा ठपका असलेली ‘अवनी’ ही वाघीण २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यातल्या बोराटीजवळ मारली गेली. त्याआधीचे महिने शेतकऱ्यांनी अंधारात शेतावर जाणे टाकले होते. जायचेच झाले तर टोळीने, आवाज करत. उजाडण्यापूर्वीचा सराव अशा वेळी मागे पडतो. एरवीही वैदर्भीय उन्हाळ्यात धावायला पहाटेचाच एक तास हाती लागतो, कारण मे महिन्यात नऊ वाजताच डांबर तापते. विदर्भातल्या मोठ्या धावण्याच्या स्पर्धा म्हणूनच हिवाळ्यात येतात.

मुंबई-पुण्यात धावण्याची सुरुवात बहुधा आई-बापाकडून होते. चाळिशीनंतर साखर किंवा रक्तदाब वाढल्यावर डॉक्टर चालायला सांगतात, चालण्याचे धावणे होते, गट जमतो आणि कॉलेज संपवलेली लेक एखाद्या जानेवारीत त्यांच्याबरोबर नाव नोंदवते. भरतीच्या गावांत घरातली पहिली धावपटू लेक असते. बाप मैदानाच्या कडेला मोबाइलवर टायमिंग लावून उभा असतो, आई तिच्यासाठी हरभरे भिजत घालते. ग्राउंड निघाले, नोकरी लागली, की ८०० मीटरची गरज संपते. पण धावायची सवय उरते आणि पगारातून नोंदणीची फी भरता येते. मग लेक आई-बापाला सोबत घेऊन शर्यतीला उतरली, तर घरातला क्रम शहराच्या उलटा लागतो.