साखर कशाची, कधीची

मी लॅब टेक्निशियनचा डीएमएलटी हा डिप्लोमा करून चिपळूणच्या एका खासगी लॅबमध्ये लागले, तेव्हा १९८० नुकतंच उजाडलं होतं आणि खेड्यांतून येणाऱ्या बहुतेक मधुमेह्यांची तपासणी लघवीवरच व्हायची. रिपोर्टात आकडा नसे, प्लसची चिन्हं असत. बेनेडिक्टचं निळं द्रावण ५ मिली घ्यायचं, त्यात लघवीचे ८ थेंब टाकायचे आणि नळी होल्डरमध्ये धरून स्पिरिटच्या दिव्यावर उकळायची. नळीचं तोंड माणसांच्या बाजूला ठेवायचं नाही, कारण ते द्रावण उसळतं. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर एक प्लस, पिवळं दोन, नारिंगी तीन, आणि विटेच्या रंगाचा गाळ बसला की चार.

स्टॅन्ली बेनेडिक्ट या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने हे द्रावण विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बसवलं. त्यात मोरचूद असतो. साखरेबरोबर उकळल्यावर त्यातल्या तांब्याचं लाल ऑक्साइड होऊन खाली बसतं. पण हे काम एकटं ग्लुकोज करतं असं नाही. बाळंतिणीच्या लघवीत उतरलेली दुधातली साखरही गाळ लाल करते. नमुना मधाच्या बाटलीत आणला आणि बाटली नीट धुतलेली नसली, तर निरोगी माणूसही चार प्लस निघतो. म्हणून आमच्याकडे उकळून वाळवलेल्या बाटल्यांची रांग असायची. घरून आणलेली बाटली बाजूला ठेवायची आणि आमची हातात द्यायची, हा लॅबचा नियमच होता.

दुसरी अडचण वेळेची. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली, तरच मूत्रपिंडं ती लघवीत सोडतात, आणि म्हाताऱ्या माणसांत ही पातळी आणखी वर सरकते. त्यात सकाळची पहिली लघवी ही रात्रभर साठलेली. तिच्यातली साखर रात्री दहाची की पहाटे चारची, हे कुणाला सांगता येणार? म्हणून जाणते डॉक्टर रुग्णाला एकदा जाऊन यायला सांगत, पाणी प्यायला लावत आणि अर्ध्या तासाने पुन्हा नमुना घ्यायला लावत. ही दुसरी लघवी निदान अर्ध्या तासाची असे. आज दंडावर चिकटवायच्या सेन्सरबद्दल लोक मला विचारतात, ‘आकडा बरोबर आहे का?’ तेव्हा मी त्या दुसऱ्या बाटलीपासून सुरुवात करते. साखरेच्या तपासणीचा सगळा इतिहास मला दोन प्रश्नांचा दिसतो: हा आकडा कशाचा, आणि कधीचा?

रुग्णाच्या लघवीला मुंग्या लागतात, हे चरकसंहितेत नोंदलेलं आहे. ती साखरच आहे, हे इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सन यांनी १७७६ साली लघवी आटवून दाखवलं. त्यांनी रक्तातल्या गोडीचीही नोंद केली होती. तरी रोजच्या तपासणीसाठी पुढची कित्येक दशकं लघवीच वापरात राहिली, कारण ती सहज मिळते आणि सुई लागत नाही.

रक्तावरची पद्धत फोलिन आणि वू यांनी १९२० च्या सुमारास रुळवली. तीही तांब्याचीच होती, त्यामुळे रक्तातले साखरेखेरीजचे पदार्थही मोजणीत येत आणि आकडा खऱ्यापेक्षा वर दिसे. मी शिकले ती ऑर्थोटोल्युडिनची पद्धत. ग्लेशियल ॲसिटिक ॲसिडमध्ये बनवलेलं ते द्रावण उकळत्या पाण्यात ठेवलं की साखरेच्या प्रमाणात हिरवा रंग चढतो. त्या ॲसिडच्या वाफेने डोळे चुरचुरायचे आणि साडीचा वास दोन-दोन धुण्यांत जात नसे. द्रावणच घातक आहे, हे पुढे सिद्ध झालं. मग आली जीओडी-पीओडी, म्हणजे ग्लुकोज ऑक्सिडेज या एन्झाइमची पद्धत. हिचा रंग गुलाबी, आणि इथे उकळणं नाही.

या एन्झाइमवर माझं मनापासून प्रेम आहे. १९२८ साली डेटलेव म्युलर यांना ते एका काळ्या बुरशीत सापडलं. रक्तातल्या शेकडो पदार्थांतून ते ग्लुकोज तेवढं निवडतं, आणि त्यातही ग्लुकोजचा एकच अवतार. ग्लुकोजची पूड पाण्यात नुकती विरघळवली, तर तिचे रेणू बहुतेक दुसऱ्याच अवतारात असतात. ते हळूहळू बदलत पाण्यात तोल साधतात. त्यामुळे आजच बनवलेलं स्टँडर्ड, म्हणजे साखर किती आहे हे माहीत असलेलं द्रावण, आजच लावलं तर ते कमी भरतं, आणि त्याच्याशी ताडलेल्या सगळ्या रुग्णांची साखर जास्त निघते. आमच्याकडे १०० चं स्टँडर्ड आदल्या दिवशी बनवून, झाकण लावून, तारीख घालून ठेवलं जायचं. रोज सकाळी आधी ब्लँक, म्हणजे साखर नसलेली नळी, मग स्टँडर्ड, मग रुग्ण. रुग्णाचं रीडिंग भागिले स्टँडर्डचं रीडिंग, गुणिले १००. स्टँडर्ड लावल्याशिवाय एकही आकडा लॅबच्या बाहेर जात नसे.

आणि रक्त स्वतः थांबून राहत नाही. नळीत काढल्यावरही तांबड्या पेशी साखर खात राहतात, तासाला साधारण ५ ते ७ टक्के, उन्हाळ्यात जास्तच. खेड्यातल्या दवाखान्यात काढलेलं रक्त एसटीने तीन तासांनी आमच्याकडे आलं, तर उपाशीपोटीची १४० ची साखर ११५ च्या आसपास दिसणार. त्या काळच्या निकषाने माणूस मधुमेही, रिपोर्ट नॉर्मल! राखाडी झाकणाच्या नळीत सोडियम फ्लोराइड असतं ते यासाठीच. तेही लगेच काम करत नाही, पहिला तासभर थोडी साखर जातेच.

साखर रुग्णाच्या घरी मोजण्याची कल्पना अमेरिकेतल्या एम्स कंपनीच्या पट्टीपासून धरता येते. १९६० च्या दशकातल्या डेक्स्ट्रोस्टिक्सवर रक्ताचा मोठा थेंब ठेवायचा, बरोबर ६० सेकंदांनी पाण्याने धुवायचा आणि रंग तक्त्याशी जुळवायचा. थोडं आधी धुतलं की रंग फिका. तो रंग वाचणारं यंत्र अँटन क्लेमेन्स यांनी १९७० च्या सुमारास बनवलं. वजन किलोभराहून जास्त, आणि ते विकलं जायचं फक्त डॉक्टरांना. रिचर्ड बर्नस्टाइन हे लहानपणापासून इन्सुलिनवर असलेले इंजिनियर. त्यांनी डॉक्टर पत्नीच्या नावावर ते मागवलं आणि दिवसातून अनेकदा स्वतःची साखर मोजून इन्सुलिन आणि जेवण जमवत नेलं. त्यांचं ऐकायला कुणी तयार होईना, म्हणून पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांनी मेडिकल कॉलेजात प्रवेश घेतला. ग्लुकोमीटर घराघरांत पोचला, त्यात या माणसाच्या हट्टाचा वाटा मोठा आहे, असं मी मानते.

मीटरने वेळेचा प्रश्न बराच सोडवला, ‘कशाचा’ हा प्रश्न मात्र उरला. आमच्या कोकणात मे महिन्यात हे फार दिसतं. आंबा कापून, चोखून, हात नुसता पुसून बोट टोचलं, तर मीटर आंब्याचीही साखर मोजतो. स्पिरिटचा बोळा फिरवून ती पुरेशी जात नाही, साबणाने हात धुवावे लागतात. रक्त कमी असलेल्या बायकांत अनेक मीटर साखर जास्त दाखवतात, आणि आपल्याकडे रक्त कमी नसलेली बाई शोधावी लागते.

सतत मोजणाऱ्या सेन्सरचं मूळही त्याच बुरशीच्या एन्झाइमात आहे. लीलंड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी १९६२ मध्ये ग्लुकोज ऑक्सिडेज पातळ पडद्याखाली इलेक्ट्रोडवर बसवण्याची कल्पना मांडली. त्यामुळे रंगाऐवजी विजेचा बारीक प्रवाह मोजता येऊ लागला. १९८० च्या दशकारंभी जपानमध्ये शिचिरी यांनी सुईच्या आकाराचा सेन्सर त्वचेखाली घालून दाखवला. अमेरिकेत १९९९ साली मिनिमेड कंपनीच्या पहिल्या यंत्राला मान्यता मिळाली. ते तीन दिवस मोजायचं, रुग्णाला काहीच दाखवायचं नाही, आणि शेवटी डॉक्टर आलेख उतरवून घ्यायचे. दिवसातून काही वेळा बोट टोचून तो आकडा यंत्राला द्यावा लागे. माझ्या दृष्टीने ते स्टँडर्ड लावणंच होतं, फक्त आता ते रुग्णाने आपल्या घरात करायचं. ते कधी करायचं, यालाही महत्त्व होतं: जेवल्यावर साखर चढत असताना दिलेला आकडा पुढचे सगळे आकडे बिघडवायचा. २०१४ मध्ये युरोपात आलेल्या लिब्रे या सेन्सरने स्टँडर्ड लावण्याचं हे काम कारखान्यात नेलं. भारतात २०१५ साली त्याची डॉक्टरांसाठीची आवृत्ती आली, चौदा दिवस दंडावर राहणारी.

हा सेन्सर रक्तात नसतोच. त्याचा तंतू त्वचेखाली जेमतेम अर्धा सेंटिमीटर जातो आणि पेशींभोवतालच्या द्रवातली साखर मोजतो. रक्तातली साखर तिथे पोचायला पाच-दहा मिनिटं लागतात. साखर स्थिर असेल तर फरक पडत नाही. जेवणानंतर किंवा चढावर चालताना सेन्सर आणि मीटर वेगळं बोलतात, आणि दोघंही आपापल्या जागी खरे असतात. अचूकता सांगायला कंपन्या सरासरी फरकाची टक्केवारी देतात. आजच्या चांगल्या सेन्सरची ती ९ च्या आसपास आहे, म्हणजे रक्तात २०० असताना १८ इकडे किंवा तिकडे, तेही सरासरीने.

आमच्या आळीत एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर आहेत. पुण्याच्या मुलाने त्यांना सेन्सर बसवून दिला. एका सकाळी ते घाबरून आले. “ताई, रात्री दोनदा फोन बोंबलला. साखर ५८! बायकोने उठवून साखरपाणी पाजलं, आणि सकाळी बघतो तर २४०.”

“घाम आला होता? हात थरथरत होते?”

“काहीच नाही. गाढ झोपलो होतो.”

“कुठल्या कुशीवर झोपता?”

त्यांनी डाव्या दंडावर हात ठेवला. सेन्सर तिथेच होता. अंगाचा भार पडला की तिथला द्रव दबतो, आकडा खोटा खाली जातो आणि कूस बदलली की पुन्हा वर येतो. रात्रीच्या आलेखात तो खड्डा आम्हाला दोघांना स्पष्ट दिसला, कडा उभ्या आणि तळ सपाट. पुढचा सेन्सर त्यांनी उजव्या दंडाच्या मागच्या बाजूला लावून घेतला.

सेन्सरच्या खोक्यातल्या कागदावर यातलं बरंच काही होतं, बारीक इंग्रजीत. हे मराठीत आणि चष्म्याने वाचता येईल एवढ्या अक्षरात छापलंच पाहिजे, यासाठी मी भांडायला तयार आहे. तोवर त्यांच्या फ्रिजवर माझ्या अक्षरातला कागद लावला आहे. नवा सेन्सर लावल्यावर पहिल्या दिवसाच्या आकड्यावर इन्सुलिन वाढवू नका, तिथली जागा अजून सावरत असते. साखर चढते आहे की उतरते आहे, हे सांगणारा आकड्याशेजारचा बाण बघा. सर्दीतापात क जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या किंवा पॅरासिटामॉल घेत असाल, तर तुमच्या सेन्सरला ते चालतं का, हे डॉक्टरांना विचारा, कारण काही सेन्सर त्यामुळे जास्त दाखवतात. आणि अंगाला वाटतं एक, सेन्सर सांगतो दुसरं, असं झालं तर साबणाने हात धुवा, कोरडे करा, बोटाच्या कडेला टोचा. साखर कमी झाल्यासारखं वाटत असेल आणि मीटर हाताशी नसेल, तर आधी साखर खा.