कोरे राहिलेले जोडकार्ड

नोकरीसाठी अर्ज करणाऱ्यास मराठीत उमेदवार म्हणतात. शब्द फारसीतून आला, आणि उमेद म्हणजे आशा हा त्याचा प्राण. परंतु त्याच्याभोवती मराठीने आणखीही काही शब्द जमवून ठेविले आहेत: खेटे घालणे, हेलपाटे मारणे, उंबरठे झिजविणे, वशिला लावणे. अर्ज टपालात पडल्यानंतर माणसाची जी अवस्था होते, तिचा सारा इतिहास ह्या शब्दांत साठविलेला आहे. उत्तर येत नाही. पुन्हा लिहावे तर लोचटपणा दिसतो. न लिहावे तर आपला कागद कोणाच्या तरी मेजावर धूळ खात पडला असेल, ही शंका झोप लागू देत नाही. ही विवंचना केवळ सामान्य बुद्धीच्या माणसांच्याच वाट्यास येते असे नाही. १९०१ सालच्या वसंत ऋतूत मिलान शहरी आईवडिलांच्या घरी बसून टपालवाल्याची वाट पाहणारा एक बावीस वर्षांचा तरुण ह्याच विवंचनेत होता. त्याचे नाव आल्बर्ट आइन्स्टाइन.

झुरिक येथील पॉलिटेक्निकमधून १९०० च्या जुलैत तो पदविका घेऊन बाहेर पडला. त्याच्याबरोबर उत्तीर्ण झालेल्या इतर मुलांना तेथेच प्राध्यापकांच्या हाताखाली साहाय्यकाच्या जागा मिळाल्या. ह्याला मिळाली नाही. ह्यात सारा दोष प्राध्यापकांचाच होता असे म्हणवत नाही. वर्गांना दांडी मारावयाची आणि परीक्षेच्या तोंडावर मार्सेल ग्रॉसमन ह्या मित्राच्या नीटनेटक्या वह्या वाचून वेळ मारून न्यावयाची, हा त्याचा क्रम होता. असा विद्यार्थी कितीही बुद्धिमान असला, तरी त्याच्यासाठी शब्द टाकावयास शिक्षक उत्सुक नसतात. पण शिक्षा अपराधाच्या मानाने फार मोठी झाली. शिक्षणासाठी आप्तांकडून दरमहा मिळणारे १०० फ्रँक बंद झाले होते. वडील हेरमान आइन्स्टाइन ह्यांचा विजेच्या यंत्रांचा धंदा कर्जात रुतला होता. सहाध्यायिनी मिलेवा मारिच हिच्याशी त्याला लग्न करावयाचे होते. घरचा त्याला विरोध होता आणि पदरी नोकरी नव्हती.

त्याच्यापाशी दाखविण्यासारखी एकच वस्तू होती. केशाकर्षणाविषयीचा त्याचा पहिला निबंध १९०१ च्या मार्चमध्ये ‘आनालेन डेर फिजिक’ ह्या जर्मन नियतकालिकात छापून आला होता. १९ मार्च रोजी त्याने त्याची प्रत लाइपझिगचे विख्यात रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ओस्टवाल्ड ह्यांच्याकडे धाडली. आपल्याच ग्रंथाने ह्या निबंधाची प्रेरणा दिली असे नम्रपणे सांगून, गणिती पदार्थविज्ञान जाणणाऱ्या माणसाचा आपणांस काही उपयोग होईल काय, असे त्याने विचारले. आपण निर्धन आहोत, हेही लपविले नाही.

दोन आठवडे गेले. उत्तर नाही. ३ एप्रिलला त्याने ओस्टवाल्ड ह्यांना पुन्हा लिहिले, आणि हे दुसरे पत्र पाहण्यासारखे आहे. निबंधावरील आपल्या अभिप्रायाला माझ्या लेखी फार मोल आहे. तथापि मागील पत्रात मी माझा पत्ता लिहिला होता की नाही ह्याची मला खात्री नाही, म्हणून तो आता कळवीत आहे, एवढाच त्याचा आशय. नोकरीचा उच्चारही नाही. उत्तर का आले नाही, असा प्रश्न नाही. उलट मौनाचा दोष त्याने आपल्याच अंगावर ओढून घेतला आणि थोर माणसाला परतीची वाट मोकळी करून दिली: आपण उत्तर दिले नाहीत असे नव्हे, मीच पत्ता विसरलो असेन! पत्ता खरोखरच राहिला होता की नाही, हा प्रश्न गौण आहे. स्मरणपत्राची ह्याहून सभ्य रीत सहसा आढळत नाही.

त्याच सुमारास त्याने मिलेवाला थट्टेने कळविले की, उत्तर समुद्रापासून इटलीच्या दक्षिण टोकापर्यंतच्या सर्व पदार्थशास्त्रज्ञांना लवकरच माझ्या अर्जाचा मान मिळालेला असेल. ही थट्टा वस्तुस्थितीपासून फार दूर नव्हती. जर्मन भाषेच्या प्रदेशात यहुदी असणे ही आपल्या मार्गातील मोठी धोंड आहे असे त्याला वाटे, म्हणून इटलीतही खटपट चालू होती. हॉलंडमध्ये लायडन येथे कामरलिंग ओनेस ह्यांच्यापाशी साहाय्यकाची जागा आहे असे कानावर येताच १२ एप्रिलला तिकडेही अर्ज गेला. हा अर्ज जोडकार्डावर होता. एका अर्धावर विनंती, आणि दुसरे अर्ध उत्तरासाठी कोरे. उत्तर देणाऱ्याला कागदाचा किंवा तिकिटाचा भार पडू नये, इतकी ती काळजी. लायडनच्या बुर्हाव्हे संग्रहालयात हे कार्ड जपून ठेविलेले आहे, आणि त्याचे उत्तराचे अर्ध कोरेच आहे.

येथवरचे सारे रीतीला धरून झाले. पण घरात आणखी एक मनुष्य हे पाहत होता. १३ एप्रिल रोजी हेरमान आइन्स्टाइन ह्यांनी मुलाला न कळविता ओस्टवाल्ड ह्यांना पत्र लिहिले. मुलासाठी आपणांस त्रास देण्याचे धाडस करणाऱ्या बापाला क्षमा करावी, अशी त्याची सुरुवात आहे. मुलगा खचला आहे, आपली गाडी रुळावरून घसरली असे त्याला वाटते, आणि बेताच्या परिस्थितीतील आईबापांवर आपण भार झालो आहोत ह्या विचाराने तो पोळतो आहे, असे त्यांनी लिहिले. मागणी काय, तर त्याचा निबंध वाचून उत्तेजनाचे दोन शब्द लिहावेत. शिवाय एखादी जागा देता आली तर उपकार होतील. उमेदवाराने काय करू नये ह्याचा पाठ द्यावयाचा तर हे पत्र उदाहरणादाखल दाखविता येईल. बापाने मध्ये पडू नये, घरची गरिबी सांगू नये, अनोळखी माणसाच्या दयेला हाक घालू नये. तरीही ह्या साऱ्या पत्रव्यवहारात मनात घर करून राहते ते हेच पत्र. त्यालाही उत्तर गेल्याची नोंद आढळत नाही.

दुसऱ्याच दिवशी, १४ एप्रिलला, आइन्स्टाइन एका निराळ्याच पत्राबद्दल आभार मानीत होता. वह्या देणाऱ्या ग्रॉसमनने आपल्या वडिलांकडे शब्द टाकला होता, आणि त्या गृहस्थांनी बर्न येथील पेटंट कचेरीचे संचालक फ्रीडरिक हालर ह्यांच्यापाशी ह्याची शिफारस केली होती. म्हणजे शेवटी काम झाले ते वशिल्याने. ह्या शब्दाला मराठीत वाईट वास आहे. पण येथे कोणाचा हक्क डावलला गेला असे दिसत नाही, आणि वशिल्यानंतरही वाट पाहणे चुकले नाही. मधल्या काळात विंटरथूर व शाफहाउझेन येथे हंगामी शिकवणीचे काम करून त्याने दिवस काढले. जागेची जाहिरात ११ डिसेंबर १९०१ ला निघाली. १८ डिसेंबरला त्याने रीतसर अर्ज केला. पुढे निर्णय होण्याची वाट न पाहता १९०२ च्या फेब्रुवारीत तो बर्नला राहावयास गेला, आणि गणित व पदार्थविज्ञान शिकवीन, पहिला तास विनामूल्य, अशी जाहिरात त्याने तेथील पत्रात दिली. २३ जून १९०२ रोजी तो तिसऱ्या वर्गाचा तज्ज्ञ म्हणून कामावर रुजू झाला. वार्षिक वेतन ३,५०० फ्रँक, नेमणूक तात्पुरती. १० ऑक्टोबरला हेरमान वारले. मुलाला नोकरी लागलेली त्यांनी चार महिनेही पाहिली नाही.

ओस्टवाल्ड ह्यांना दुष्ट ठरविण्याचे कारण नाही. त्यांच्याकडे पत्रांचा ढीग येत असणार, आणि तो निबंधही असामान्य नव्हता. १९०७ मध्ये खुद्द लेखकानेच आपले पहिले दोन निबंध टाकाऊ ठरविले. १९०९ साली जिनीव्हा विद्यापीठाने दोघांनाही एकाच समारंभात सन्माननीय डॉक्टर केले. १९१० च्या नोबेल पारितोषिकासाठी आइन्स्टाइनचे नाव प्रथम सुचविले तेही ओस्टवाल्ड ह्यांनीच. आणि १९२० मध्ये ज्या लायडनने त्यांना खास प्राध्यापक म्हणून सन्मानाने बोलाविले, तेथेच ते जुने जोडकार्ड पडून होते.

१९२४ च्या जूनमध्ये आइन्स्टाइन स्वतः बर्लिनमध्ये पत्रांच्या ढिगाशी बसलेले असता त्यांच्याकडे ढाक्याहून एक लिफाफा आला. तेथील विद्यापीठातील रीडर सत्येंद्रनाथ बोस ह्यांनी आपला निबंध पाठविला होता आणि योग्य वाटल्यास तो जर्मनमध्ये छापवावा अशी विनंती केली होती. उत्तर येण्यापूर्वीच, त्याच महिन्याच्या मध्यास, बोसांनी दुसरे पत्र धाडले. त्यात पहिल्याची आठवण म्हणून नवा निबंधच होता. आइन्स्टाइननी पहिला निबंध स्वतः भाषांतरित करून छापावयास दिला, आणि बोसांना तसे एका पोस्टकार्डाने कळविले. युरोपात जाण्यासाठी बोसांनी मागितलेली दोन वर्षांची रजा तोवर विद्यापीठात अडकून पडली होती. कुलगुरूंनी कार्ड पाहिले आणि रजा मंजूर झाली. जर्मन वकिलातीत बोसांनी तेच कार्ड दाखविले, तेव्हा प्रवेशपत्राचे शुल्कही कोणी मागितले नाही.