दारात लटकलाच कशाला?

विरारहून बॅकबेला पहिली लोकल सुटली १२ एप्रिल १८६७ला. तेव्हा भरपाईसाठी १८५५चा प्राणघातक अपघात कायदा होता. समोरच्याचा निष्काळजीपणा वारसांनीच सिद्ध करायचा. आता सांगा, गाडीतून पडलेल्याच्या बायकोने रेल्वेची चूक दाखवायची कशी? उलट तिलाच विचारणार, ‘दारात लटकलाच कशाला?’

१९९४मध्ये रेल्वे कायद्यात कलम १२४-अ आलं. प्रवासी चुकून गाडीतून पडला, तर रेल्वेची चूक नसली तरी भरपाई. आत्महत्या, नशा असे मोजकेच अपवाद. २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, चढता-उतरताना प्रवाशाचा निष्काळजीपणा झाला, एवढ्यावरून भरपाई नाकारता येत नाही.

बायकोची सुटका झाली, हे चांगलंच. पण चूक सिद्ध करायची गरज संपली, तशी ती शोधायचीही. माझं संशोधन इथून सुरू होतं.